आगराची मोजणी आणि आमचे नकाशे

पावसाळ्याच्या तोंडावर चौल, नागाव आणि श्रीवर्धन या भागांतून आमच्याकडे आलेल्या पत्रांतील तक्रार एकच आहे, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने माड-पोफळी आडव्या केल्या तेव्हापासून ती बदललेली नाही : मिश्र लागवडीचे आगर महसुली दप्तरात मांडावयाचे कोणत्या मापाने? त्या वर्षी प्रथम मदत ठरली ती हेक्टरी ५०,००० रुपये, म्हणजे गुंठ्यास सुमारे ५००. अष्टागरातील वाड्या गुंठ्यांत मोजावयाच्या, २.७ मीटर अंतराने गुंठ्यात चौदा पोफळी बसतात हे जाणणाऱ्याने भागाकार करून पाहावा, झाडामागे जेमतेम छत्तीस रुपये पडतात, आणि नवी पोफळ धरू लागावयास सहा-सात वर्षे जातात. ओरड झाल्यावर माडास २५० व पोफळीस ५० असा झाडामागे दर ठरला खरा. परंतु क्षेत्रावरून पीक व पिकावरून रक्कम ही कचेरीची रीत मजल्यामजल्यांनी वाढणाऱ्या लागवडीस मुळातच लागू पडत नाही. ज्या वाडीच्या सातबाऱ्यावर केवळ ‘नारळ’ एवढीच नोंद, तेथील जायफळ, मिरवेल आणि केळी पंचनाम्याच्या वेळी रुजवातीस आणावयाची कशाच्या आधारे? इतक्या वर्षांत हे साधे कोष्टक सुधारू नये, ही अक्षम्य दिरंगाई होय.

पण दोष एकट्या कचेरीचा नाही. किहीम-अलिबागकडील बंगल्यांच्या बागा आखणारे आमचेच व्यवसायबंधू, समुद्र दिसावा या हट्टापायी पश्चिमेची उंडी-करंजांची रांग व केवड्याचे कुंपण काढवून तेथे हिरवळ अंथरतात आणि रॉयल पामच्या रांगा उभ्या करतात. चारबागेची सममिती किंवा इंग्लिश हिरवळीचा मोकळेपणा यांचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. मात्र नैर्ऋत्येचा खारा वारा जेथे थेट अंगावर येतो आणि दुपारच्या उन्हाने कोवळ्या पोफळीचे खोड भाजते, तेथे वाऱ्यास आडोशाची रांग प्रथम, मग माड, त्यांच्या सावलीत पोफळी व जायफळ, आणि घराच्या ओट्याशी अनंत, जास्वंद, सोनचाफा हाच क्रम रचनेचा पाया ठरतो. हे ज्यास मान्य नाही त्याने पुळणीवर काम घेऊ नये.

म्हणून बंधूंनो, याच पंधरवड्यात कामास लागा. आपल्या प्रत्येक नकाशावर झाडांची जात, संख्या व लागवडीचे वर्ष लिहा आणि त्याची प्रत मालकास द्या. जमीन शेतीची असल्यास २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत मिश्र पीक व बांधावरची झाडे मालकाकडून नोंदवून घ्या. नोंद नाकारली गेल्यास कारण व तारीख लेखी मागून आमच्याकडे पाठवा. आलेले प्रत्येक उत्तर पुढील अंकात छापले जाईल आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना होईल.