पानांनाही रेक्टर हवा

आपल्या कॉलेजच्या पोर्टलवर होस्टेलची फी किती, हे कधी शोधून बघितलंय? बघा एकदा. तीन पानांवर तीन आकडे सापडतील. एक माहितीपुस्तिकेत, दुसरा 'सुविधा' या पानावर आणि तिसरा एका जुन्या नोटिशीत, जी काढायची कोणालाच आठवण झाली नाही. तिन्ही ठिकाणी कॉलेजचा तोच लोगो, तोच निळा पट्टा. मग गडहिंग्लज-आजऱ्याहून पोराला सोडायला येणाऱ्या बापाने यातला खरा आकडा कोणता मानायचा? त्याने जुना आकडा बघून तेवढेच पैसे बांधून आणले आणि ऑफिसच्या खिडकीवर 'ते जुनं आहे हो' एवढंच ऐकून घेतलं, तर दोष कोणाचा?

कॅन्टीनमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "वेबसाईटवाले झोपलेत!" तीन वर्षं हे ऐकतोय आणि मला ते पटत नाही. बिचारे वेबसाईटवाले म्हणजे कोण, तर लॅबमध्ये बसणारे एक सर आणि त्यांच्या हाताखाली आमच्यासारखी दोन-चार पोरं. होस्टेलची फी त्यांना कुठून माहीत असणार? ती माहीत असते रेक्टरांना. पण रेक्टरांकडे पासवर्ड नाही आणि ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्यांच्याकडे माहिती नाही. मधे अर्ज, सही, शिक्का, स्कॅन आणि पेन ड्राइव्ह. त्यातून नोटीस एकदाची पोर्टलवर चढते. उतरवण्यासाठी मात्र कोणी अर्ज करत नाही! त्यामुळे पानं नुसती साठत जातात. विभाग, ग्रंथालय, परीक्षा, प्लेसमेंट, एनएसएस, गॅदरिंग, माजी विद्यार्थी... एक ना धड, भाराभर चिंध्या.

माझं म्हणणं सरळ आहे. पोर्टलची पानं सुटी सुटी सांभाळता येत नाहीत. त्यांचे गट करावे लागतात आणि प्रत्येक गटाला एक धनी लागतो. ज्याला त्या विषयाची माहिती आहे, त्याच्याच हातात त्या गटाची किल्ली हवी.

ही अक्कल माझी नव्हे, पोर्टल बनवणाऱ्यांना ती फार पूर्वीच आली होती. 'ओरॅकल पोर्टल' या सॉफ्टवेअरमध्ये २००२ च्या आवृत्तीपासून 'पेज ग्रुप' नावाची सोय होती. ते सॉफ्टवेअर आता मागे पडलं, कंपनीने 'वेबसेंटर'चा रस्ता धरला. पण त्यातला विचार आजही कामाचा आहे. पेज ग्रुप म्हणजे होस्टेलची एक इमारत समजा. मुख्य दरवाजा म्हणजे रूट पेज. आतल्या खोल्या म्हणजे उपपानं. आणि इमारतीचा रेक्टर म्हणजे गटाचा व्यवस्थापक. कोणाला नुसतं बघता येईल, कोणाला मजकूर टाकता येईल, कोणाचा मजकूर मंजुरीशिवाय दिसणार नाही, हे सगळं ठरवायची सोय त्यात होती. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर मुलांच्या होस्टेलच्या कुलपाला हात लावत नाहीत, तसंच परीक्षा विभागाने ग्रंथालयाच्या पानाला हात लावायचा नाही.

पण मग प्रत्येक इमारत वेगळ्या रंगाची होईल का? नाही. सगळ्यांना लागणारे साचे आणि रंगसंगती 'शेअर्ड ऑब्जेक्ट्स' या सामाईक गटात ठेवता येत. लोगो बदलला की साचा एकदाच बदलायचा, तो वापरणाऱ्या सगळ्या पानांवर बदल दिसतो. आणि मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे मुदत. नोटीस टाकतानाच ती कधी संपणार हे सांगता येई. तारीख उलटली की ती वाचणाऱ्यांना दिसेनाशी होई. आपल्या पोर्टलवर एवढी एक गोष्ट असती, तरी निम्मा कचरा आपोआप गेला असता.

आज वर्डप्रेस, ड्रुपल, लाइफरे अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्सही हेच काम करतात. वर्डप्रेसमध्ये तर २०१० पासून एकाच ठिकाणी अनेक उपसाइट्स चालवता येतात आणि प्रत्येकीला वेगळा प्रशासक नेमता येतो. म्हणजे अडचण पैशाची नाही, सॉफ्टवेअरचीही नाही. अडचण आहे ती किल्ली वाटून द्यायची.

मी राहतो मंगळवार पेठेत. आमच्याकडे तालमी आणि तरुण मंडळांचे बोर्ड असतात, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मिरजकर तिकटीकडून जाता-येता वाचले असतील. उद्या पाणी येणार नाही, अमक्यांचं निधन, रक्तदान शिबिर, शाहू स्टेडियमवरची मॅच, सगळं खडूने लिहिलेलं. त्या बोर्डावर शिळी बातमी क्वचितच दिसते. का? तर बोर्ड मंडळाचा असतो आणि लिहिणारा ठरलेला असतो. मॅच होऊन गेली तरी कालचंच लिहिलेलं दिसलं, की गल्लीतलं कोणीतरी त्याला हटकतंच, "काय भावा, पुसायचं राहिलं काय?" हे काम महापालिकेच्या एका साहेबाकडे दिलं असतं, तर सगळ्या पेठांच्या बोर्डांवर मागच्या वर्षीचा गणपती अजून बसलेला असता!

कारभार वाटून देण्याची रीत कोल्हापूरला नवी नाही. वसतिगृहांचं शहर म्हणून आपल्या गावाचा लौकिक आहे, आणि तो राजर्षी शाहू महाराजांमुळे. १८९६ साली त्यांनी राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी एक सामाईक वसतिगृह काढलं. पण काही वर्षांतच तिथे ब्राह्मणेतर मुलं टिकत नाहीत, असं दिसून आलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाली. पुढे मुस्लिम, लिंगायत, नामदेव शिंपी अशा समाजांची बोर्डिंग्ज झाली, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. दरबाराने जागा दिल्या, अनुदानं दिली आणि रोजचा कारभार त्या त्या समाजातल्या मंडळींनी अंगावर घेतला. तिथला प्रश्न शिक्षण नाकारलं जाण्याचा होता, पोर्टलच्या पानांशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. पण कारभारापुरता धडा घ्यायला हरकत नाही. जागा आणि आधार वरून द्यावा, घर मात्र घरातल्यांनीच चालवावं.

इथे एक धोकाही आहे, तोही सांगतो. गट कार्यालयाच्या सोयीने पडले की वाचणाऱ्याची गैरसोय होते. महाडीबीटी पोर्टल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, २०१७ पासून शिष्यवृत्तीसाठी आपण त्याच्याच दारात उभे असतो. तिथे योजना खात्यांनुसार मांडल्या आहेत. होस्टेलवर राहणाऱ्यांच्या कामाची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना तंत्रशिक्षण संचालनालयाखालीही दिसते आणि उच्च शिक्षण संचालनालयाखालीही. नाव तेच! इंजिनिअरिंगच्या पोराने तंत्रशिक्षणाखालची निवडायची, हे त्याला सीनियरने सांगितलं तर कळतं. खात्याच्या दृष्टीने ही मांडणी बरोबरच आहे, कारण प्रत्येक खातं आपापले अर्ज तपासतं. पण पहिल्या वर्षाच्या पोराला खातं माहीत नसतं, त्याला आपली गरज माहीत असते.

यावरही उपाय आहे. ओरॅकल पोर्टलमध्ये पेज ग्रुपच्या जोडीला दोन प्रकारच्या खुणा होत्या. 'कॅटेगरी' म्हणजे ही गोष्ट काय आहे आणि 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणजे ही कोणाच्या कामाची आहे. म्हणजे मेसची नोटीस राहायला होस्टेलच्या गटात, पण तिच्यावर 'पहिलं वर्ष' अशी खूण असली की पहिल्या वर्षाच्या पोराला ती त्याच्या यादीत दिसणार. सांभाळण्यासाठी गट एका पद्धतीने आणि शोधण्यासाठी वाट दुसऱ्या पद्धतीने. दोन्ही लागतात.

आता काही जण म्हणतील, एवढं कशाला मनावर घ्यायचं? वेबसाईट म्हणजे शोभेची वस्तू! तसं राहिलेलं नाही. एआयसीटीईच्या नियमानुसार फी, शिक्षक, सुविधा यांची माहिती 'मँडेटरी डिस्क्लोजर' म्हणून संकेतस्थळावर द्यावीच लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, तर सार्वजनिक प्राधिकरणांना कलम ४ खाली सतरा बाबी आपणहून जाहीर करायला आणि दर वर्षी अद्ययावत करायला सांगितलं आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही मजकूर कोण देणार, कोण मंजूर करणार, कधी तपासणार आणि जुना झाल्यावर कुठे ठेवणार, याचं धोरण असावं असं म्हटलं आहे. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट. पान नसेल तर माणूस फोन तरी करतो.

दुसरा आक्षेप स्टाफरूममधला. "दहा जणांना किल्ल्या दिल्या तर गोंधळ होईल." होणार नाही, कारण साचा कुलूपबंद राहतो आणि कोणी काय बदललं याची नोंद राहते. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथली बहुतेक पानं कोणालाही बदलता येतात, तरी तो मोडला नाही. प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो, बिघडलं तर मागचं परत आणता येतं. तिसरा आक्षेप वेळेचा. आमचे रेक्टर सर लेक्चर घेतात, प्रॅक्टिकल घेतात, वर रात्री हजेरी घेतात. त्यांनी टायपिंग करत बसावं असं मी म्हणत नाही. होस्टेलचा विद्यार्थी प्रतिनिधी मजकूर लिहील, सर फक्त मंजुरीचं बटण दाबतील. पोरांना शिकायला मिळेल आणि सरांचा वेळही वाचेल.

सुरुवात होस्टेलपासूनच करूया, कारण तिथली माहिती चुकली की थेट खिशाला झळ लागते. उन्हाळी सुट्टीपूर्वी होस्टेलसंबंधी पोर्टलवर जेवढी पानं आहेत त्यांची यादी करायची. हे काम आम्ही पोरं दोन संध्याकाळी करून देऊ. प्रत्येक पानापुढे तीन गोष्टी लिहायच्या : धनी कोण, शेवटचं कधी तपासलं आणि मुदत कधी संपते. ज्या पानाला धनी सापडणार नाही ते खाली उतरवायचं. फीचा आकडा एकाच पानावर ठेवायचा आणि बाकी ठिकाणांहून त्या पानाकडे फक्त दुवा द्यायचा. एवढं जमलं की ग्रंथालय, परीक्षा, प्लेसमेंट असे एकेक गट हाती घेता येतील. रेक्टर सर आणि लॅबमधले सर, आपण दोघे एकदा एका टेबलाशी बसा. चहा आमच्याकडून!

(तृतीय वर्ष, संगणक विभाग)