तोंड किती उघडतं?

दिवाळीत अकोल्याला काकांकडे गेलो होतो. फराळाची ताटं आली. सगळ्यांच्या ताटात चकली, शंकरपाळे, अनारसे. काकांच्या पुढे फक्त एक वाटी आणि चहाचा छोटा चमचा. वाटीत दुधात कालवलेला लाडू. ते चमचा आडवा करून ओठांतून आत सरकवत होते. माझं लक्ष गेलं तसे तोंड फिरवून बसले.

काकांना चार वर्षांपूर्वी गालाचा कॅन्सर झाला. कारण सांगायची गरज नाही. वऱ्हाडात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा काय चीज आहे ते अमरावती-अकोल्याच्या माणसाला माहीत असतं. तीस वर्षं खाल्ला. मग ऑपरेशन, आणि नंतर सहा आठवडे रेडिएशन. कॅन्सर गेला, आजपर्यंत सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत. म्हणजे आमच्या भाषेत प्रोजेक्ट सक्सेसफुल! फक्त काकांचं तोंड आता एक बोट जेमतेम आत जाईल एवढंच उघडतं. लग्नाच्या पंगतीला ते जात नाहीत. दातांच्या डॉक्टरला आत काही करता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आजार परत आला तर तो बघायलाही तोंड उघडावंच लागतं.

त्या दुपारी काकूंनी कपाटातून फाईल काढून दिली. चाळता चाळता एक कागद सापडला. जबड्याचे व्यायाम, चित्रांसकट, सगळं इंग्रजीत. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. काकांना विचारलं, "हे केलं नाही का कधी?"

"अरे बाबू, चार दिवस केलं. दुखे लय. गोळी असती तं घेतली असती. आता तोंड उघडाले काय डॉक्टर लागते का?"

तो कागद काकांना कुणी बसवून समजावला नव्हता हे खरं. पण दोष फक्त हॉस्पिटलला देऊन मोकळं होता येत नाही. कारण त्या वेळी फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी पुण्यात बसून गोळ्यांची झकास एक्सेल शीट बनवली होती. सकाळची, दुपारची, रात्रीची, प्रत्येकीचा रिमाईंडर. त्यात व्यायामाची एकही ओळ नव्हती. मेडिकलच्या दुकानातून जे येत नाही ते उपचारात धरायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि माझा मुद्दा हाच आहे. कॅन्सरच्या उपचारांचे त्रास कमी करणाऱ्या बऱ्याच गोष्टी औषधं नाहीत. पण त्या औषधाइतक्याच काटेकोर आहेत. त्यांना वेळ असते, मात्रा असते, चुकवल्याची किंमत असते.

जबड्याचंच बघा. रेडिएशनमुळे चावायचे स्नायू हळूहळू घट्ट होत जातात, आणि हे उपचार संपल्यावरही महिनोन् महिने चालू राहतं. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आधीच आवळलेलं असेल तर विचारूच नका. साधारण माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. पस्तीस मिलीमीटरच्या खाली गेलं की डॉक्टर जबडा आखडला म्हणतात. उपाय काय, तर आईस्क्रीमच्या असतात तशा चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमधे धरायच्या, दिवसातून अनेक वेळा, आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारायचं, पण जितकं लवकर तितकं बरं. एकदा पक्कं आखडलं की मग मेहनत दुप्पट आणि फळ निम्मं.

दुसरं उदाहरण बर्फाचं. फ्लुरोयुरॅसिल नावाचं केमोचं औषध शिरेतून एकदम देतात तेव्हा तोंडात फार फोड येतात. ते देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि फोड कमी येतात. बर्फ, बस्स! जागतिक मार्गदर्शक सूचनांत हे आहे. पण ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं दुसरं औषध चालू असेल तर तोच बर्फ त्रास देतो. थंड पाण्याच्या घोटानंसुद्धा घशात विचित्र आवळल्यासारखं होतं, मुंग्या येतात. तेव्हा 'औषध नाही म्हणजे अपाय नाही' हे साफ खोटं आहे. कोणत्या उपचारात काय चालतं, हे विचारूनच करायला हवं.

नेमकं इथेच आपल्याकडे घोळ होतो. 'बिनऔषधी' म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका-मामा गोमूत्र, काढे आणि 'केमो सोडा, हे घ्या' घेऊन हजर. ह्यांच्यामुळे शहाणी माणसं ह्या सगळ्या प्रकारालाच हात लावत नाहीत. मी त्यातलाच. पण काढा देणारा उपचाराच्या जागी काहीतरी देतोय, आणि काड्यांचा व्यायाम उपचार पचवायला मदत करतोय. ह्या दोन गोष्टी एकाच टोपलीत कशा टाकायच्या? आणि आजीच्या बटव्यातलं सगळंच बाद असंही नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधे रेडिएशनच्या वेळी मधाचा उपयोग तपासला गेला आणि 2020 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत त्याला जागा मिळाली. तपासलं, टिकलं, घेतलं. ह्यात वाईट काय?

तिसरी गोष्ट थकव्याची. केमो चालू असलेल्या माणसाला आपण प्रेमानं झोपवून ठेवतो. "उठू नका, पडून राहा." पण 2022 साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलं की बरं करण्यासाठी उपचार चालू असताना झेपेल तसा चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम करायला सांगावा, त्यानं थकवा कमी होतो. अमरावतीकरांना खरं तर हे पटायला जड जाऊ नये. 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, ज्या मंडळाचा चमू 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला, तिथे व्यायामाचं महत्त्व अजून काय सांगणार? पण आखाडा धडधाकट माणसाचा आणि खाट आजाऱ्याची, ही वाटणी आपल्या डोक्यात पक्की आहे.

डॉक्टरांना वेळ नसतो हेही मान्य. वऱ्हाडातले किती पेशंट नागपूरला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाच्या हॉस्पिटलात जातात, किती रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसनं मुंबईला टाटाला. तुकडोजी महाराज आपल्याच जिल्ह्यातले, आणि 1968 साली कॅन्सरनंच गेले. एवढा प्रवास करून डॉक्टरांसमोर मिळतात पाच-दहा मिनिटं, ती रिपोर्ट आणि गोळ्यांत संपतात. उरलेलं सगळं घरी घडतं. म्हणून घरातल्या शिकलेल्या, पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसानं (म्हणजे तुम्ही आणि मी) डिस्चार्जच्या दिवशी चार प्रश्न विचारायला हवेत. गोळ्यांखेरीज काय करायचं? दिवसातून किती वेळा? कोण शिकवणार? आणि काय झालं तर थांबवायचं? मग ते मराठीत लिहून भिंतीवर चिकटवायचं आणि रोज फोनवर विचारायचं. पैसे पाठवण्यापेक्षा हे कठीण आहे, कारण हे रोज करावं लागतं.

दिवाळीनंतर काकांना डॉक्टरांच्या परवानगीनं अकोल्यातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. चार वर्षं उशिरा. त्यांनी आधीच सांगितलं, "फार अपेक्षा ठेवू नका." सुरुवातीला आठ काड्या जात होत्या. आता दहा. तीन बोटं बहुधा कधीच होणार नाहीत, आणि ती ज्या महिन्यांत वाचवता आली असती त्या महिन्यांची एक्सेल शीट अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

रोज रात्री नऊला फोन करतो. काका म्हणतात, "काहून रे बापा, रोज रोज तेच इचारतं?"

विचारणार. दहाच्या अकरा होईपर्यंत तरी.