तळाला जाऊन काही मिळत नाही

संपादक महाशय,

प्रो कबड्डीतल्या जयपूर पिंक पँथर्सने ‘एक हंगाम हरण्याची तयारी ठेवून बास्केटबॉलसारखी नवी बांधणी करावी’, हा आपल्या लेखातला सल्ला मुळातच चुकला आहे. एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरच्या निवडीची सर्वाधिक संधी असते. प्रो कबड्डीत लिलाव होतो. तिथे शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही इतरांसारखीच बोली लावावी लागते. मग हरून मिळवायचं काय?

जयपूरचं ‘2022चं विजेतेपद पैशाच्या जोरावर’ हे विधानही वस्तुस्थितीला धरून नाही. चढाईपटू अर्जुन देशवालला जयपूरने 2021मध्ये 96 लाखांना घेतलं. त्याच लिलावात प्रदीप नरवाल 1 कोटी 65 लाखांना यूपीच्या संघाकडे गेला. 2022च्या हंगामात अर्जुनने चढाईत 296 गुण घेतले आणि जयपूरने अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला 33-29 असं हरवलं. तेव्हा बचावात अंकुशसारखा नवा मुलगा होता, हे लेखकाने सांगायलाच हवं होतं.

नुसत्या महागड्या ताऱ्याने संघ उभा राहत नाही. 2023मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांहून अधिक मोजले. 22 सामन्यांत विजय फक्त दोन! त्याच हंगामात पुणेरी पलटण जिंकली ती नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. अस्लम आणि मोहित गोयत ही पोरं पलटणने स्वतः घडवलेली.

2025मध्ये अर्जुन तमिळ थलैवाजकडे गेला, ही जयपूरची मोठी हानी, एवढं मान्य. ती भरून काढायला राजस्थान-हरियाणाच्या मैदानांवर पोरं शोधावी लागतील, आणि ती दोन-तीन हंगाम सांभाळावी लागतील.

आपला,
एक मराठी वाचक, जयपूर