आठव्या दिवसाचा नळ

आरोग्य सेवक म्हणून माझी उभी नोकरी लोकांच्या पिंपांत टॉर्च मारण्यात गेली. त्यातली एक गोष्ट कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. झाकण काढून लगेच वाकलात, तर तुमची सावली पडताच अळ्या वळवळत तळाला जातात आणि पाणी नितळ दिसतं. जरा दम धरायचा. श्वासासाठी त्या आपणहून वर येतात. शेपटाची नळी वर लावून उलट्या लटकल्या, तर डेंग्यूचा एडिस किंवा क्युलेक्स. पाण्याच्या पाठीवर आडव्या पडल्या, तर मलेरियाचा ॲनॉफिलिस.

हल्ली कट्ट्यावर ऐकतो, ‘आमचं पिंप गच्चीवर उन्हात असतं, त्यात कसले डास?’ मे महिन्यात पत्र्याच्या डब्यातलं वाटीभर पाणी चाळीस अंशांच्या वर तापतं, त्यात अळी टिकत नाही, हे कबूल. पण 200 लिटरचं पिंप इतकं थोडंच तापतं? पावसाळ्यातल्या उघडिपीत तर पाणी नुसतं कोमट होतं, म्हणजे अळीची चैनच. ती लवकर वाढते. उन्हाने शेवाळ धरतं, तेही तिचं खाणं. एडिसला सावली आवडते, जिन्याखालचं पिंप, अंगणाच्या कोपऱ्यातला टायर. पण खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस नुकत्या लावणी झालेल्या भातखाचरात, भर उन्हात वाढतो. पाणी स्वच्छ आहे, हीही सबब चालत नाही. गटार क्युलेक्सला लागतं. डेंग्यूच्या डासाला आपलं वापरायचं पाणीच पसंत.

अंडी तर त्याहून चिवट. एडिसची मादी ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या अंगाला चिकटवते. पाणी ओतून पिंप वाळवलंत, तरी ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने घासा, खरवडून घासा, असं मी घसा कोरडा करून सांगायचो.

आणि तरीही ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणताना मला लाज वाटायची. आमच्या गावात नळच आठव्या दिवशी येतो. पावसाळ्यात अंड्याचा डास व्हायला लागतात साधारण आठ-दहा दिवस. म्हणजे नळाचं आणि डासाचं वेळापत्रक आम्हीच जुळवून दिलंय. रोज तासभर नळ आला, तर कोण कशाला चार पिंपं भरून ठेवेल? पण मागणी होते ती धुराच्या गाडीची. धुराने उडते डास पडतात, पिंपातल्या अळीला त्याचं सोयरसुतक नसतं. पण गाडीचा आवाज होतो, फोटो निघतो.

एका मावशींना मी पिंप रिकामं करायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “वततो की. पन पुढचं पाणी येईस्तोवर तुमी दोन घागरी आणून देता का?” मी गप्प बसलो. मग आम्ही दोघांनी मिळून जुनं लुगडं दुपदरी करून पिंपाच्या तोंडावर ताणलं आणि सुतळीने आवळलं. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा पाण्यात अळी नव्हती. सुतळीची गाठ मात्र मावशींनी बदलली होती. माझी सैल होती म्हणे.