कडी लागत नाहीये? मग आत कोण बसलंय ते बघा

डेबियन सुरक्षित कसं ठेवावं यावर एक जुनं आणि फार कामाचं मॅन्युअल आहे. यूएसआरचं पार्टिशन रीड-ओन्ली कसं ठेवायचं तेही त्यात दिलंय. एप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळी घालायच्या, की अपग्रेडच्या आधी पार्टिशन लिहिण्यासाठी उघडतं आणि काम संपलं की परत रीड-ओन्ली होतं. इथवर झकास. पण पुढे तेच मॅन्युअल म्हणतं की परत बंद करताना कधीकधी 'बिझी' अशी एरर येईल, आणि दर मोठ्या अपग्रेडला हा व्याप होणार असेल तर ही पद्धत आपल्याला मानवते का याचा फेरविचार करा.

माझं भांडण आहे ते या फेरविचाराशी. अहो, ती एरर हेच तर या सगळ्या खटाटोपाचं फळ आहे!

ती येते का? युनिक्समध्ये फाइल पुसली म्हणजे फक्त तिचं नाव डिरेक्टरीतून जातं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवली असेल तर फाइल डिस्कवर तशीच राहते. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखं. दारावरची पाटी बदलली, पण बिऱ्हाड अजून आतच! अपग्रेडने नवी लायब्ररी आणली, जुनीचं नाव पुसलं, आणि सकाळपासून चालू असलेला वेबसर्व्हर मात्र जुनीच कवटाळून बसलाय. तो उठेल तेव्हा कर्नलला ती जागा मोकळी करावी लागणार, म्हणजे डिस्कवर लिहावं लागणार. म्हणून कर्नल पार्टिशन रीड-ओन्ली करायला नकार देतो. तुमचं अपग्रेड अजून पुरं झालेलं नाही, एवढंच तो सांगत असतो.

आणि यावर लोक काय करतात? त्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' लिहून टाकतात. एरर गायब. मग पार्टिशन महिनोन्महिने उघडं.

यात काय बिघडतं ते २०१४ च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड प्रकरण जाहीर झालं आणि दुरुस्त केलेली लायब्ररी लगेच आलीही. पण नुसतं पॅकेज बदलून भागत नव्हतं. अपाचे, मेलसर्व्हर, जे जे कोणी जुनी लायब्ररी मेमरीत घेऊन बसलं होतं ते रीस्टार्ट होईपर्यंत तसंच गळत राहणार होतं. डीपीकेजीला विचाराल तर तो नवी आवृत्ती दाखवणार, कारण त्याला डिस्कवरचं कळतं, मेमरीतलं नाही. रीड-ओन्ली व्हायला नकार देणारं यूएसआर मात्र तेव्हा खरं बोलत होतं.

"पण रूट असेल तर एका कमांडने रीमाउंट करता येतं, मग सुरक्षा कसली?" हा आक्षेप ठरलेला. मान्य आहे. ही कडी आहे, कुलूप नव्हे. दुधाच्या कपाटाची कडी चोरासाठी नसते, मांजरासाठी असते. कुठल्याशा साइटवरून उतरवलेली इन्स्टॉलची स्क्रिप्ट रूट म्हणून चालवली, की ती न विचारता यूएसआरमध्ये तोंड घालते, ते मांजर.

"नीडरीस्टार्ट आहे ना?" आहे, चांगलं आहे, मीही वापरतो. पण ती सूचना आहे, आणि सूचनेवर एंटर मारता येतो. उबुंटू २२.०४ मध्ये ती खिडकी दर अपग्रेडला समोर यायला लागली, तेव्हा अनेकांनी आधी काय शोधलं, तर ती बंद कशी करायची!

काही जण म्हणतील, हा सगळा जुना जमाना झाला. अँड्रॉइड ७ पासून (२०१६) अपडेट दुसऱ्या स्लॉटवर लिहिता येतो, मॅकओएस बिग सर (२०२०) तर सही केलेल्या स्नॅपशॉटवरून चालू होतं. उत्तम. चालत्या सिस्टिमला हातच लावायचा नाही, थेट रीबूट. फोनसाठी याहून चांगलं काही नाही. पण पॅकेजं एकेक करून अपग्रेड होणारे सर्व्हर अजून ढिगाने आहेत, आणि त्यांच्यासाठी ही युक्ती उलट जास्त धारदार झालीय. पूर्वी लिबसी यूएसआरच्या बाहेर, लिबमध्ये असायचं, त्यामुळे ते बदललं तरी यूएसआर गप्प. डेबियन १२ पासून (२०२३) बिन, लिब सगळं यूएसआरच्या पोटात गेलं. आता लिबसी बदललं तरी बोंब होते. (वेगळं यूएसआर बूटच होत नाही, ही अफवाही सोडा. इनिटरॅमएफएस ते आधीच माउंट करून देतं.)

तेव्हा एरर आली की एलएसओएफला '+एल१' देऊन चालवा. नाव पुसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस दिसतील. बहुधा चारपाच नावं असतात. ती रीस्टार्ट करा आणि पार्टिशन परत बंद करून बघा. लिबसी बदललं असेल तर मोजत बसू नका, सगळंच त्यावर उभं असतं, सरळ रीबूट. आणि यादीत डीबस दिसला तर चालत्या मशीनवर त्याला हात लावू नका. रात्रीची वेळ ठरवा, लोकांना आधी कळवा, आणि मशीनच बंद करून चालू करा.