ओळख पटली, नाव उशिरा कळले

१९९३ साली ‘हेप-पार १’ हे प्रतिपिंड संशोधकांनी मांडले. यकृतपेशींना ते चिकटते आणि काचपट्टीवर तिथे तपकिरी रंग उमटतो. गाठ मूळची यकृताची की दुसरीकडून पसरलेली, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्ट ते वापरू लागले. पण ते नेमके कशाला चिकटते, हे कुणालाच ठाऊक नव्हते! उत्तर मिळाले २००८ मध्ये: अमोनियापासून युरिया बनवण्याची सुरुवात करणारे, मायटोकाँड्रियातले सीपीएस-१ हे विकर. कारण न कळता साधन वापरणे काहींना खटकेल. आम्हाला ते रास्त वाटते, त्याची पारख काचपट्टीवर होतच होती. मात्र लहान आतड्याच्या पेशी आणि जठराचे काही कर्करोगही त्याने रंगतात. एकट्या त्याच्या साक्षीवर निदान करू नये. जोडीला यकृतपेशींतल्याच आर्जिनेज-१ या दुसऱ्या विकराची चाचणी हवी.