जुनी गाडी घेताना : गिअरची की बिनगिअरची?



कापसाची गाडी जिनिंगच्या दारात उभी राहिली की व्यापारी काय करतो? ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. मूठभर कापूस बाहेर काढतो, ओलावा बघतो, कवडी किती ते बघतो, धागा ओढून बघतो. मग भाव बोलतो. पटले नाही तर गाडी परत. त्याच कापसाचे पैसे खिशात घालून आपण जुनी मोटार घ्यायला जातो आणि काय बघतो? रंग बघतो, सीटकव्हर बघतो, गाणे लावून बघतो. विकणाऱ्याने पोऱ्याला चहा सांगितला की आपण इसार देऊन मोकळे!

शेतकऱ्याला मोटार हवी कशाला, असे विचारणारे शहाणे शहरात पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर देण्यात मी जागा घालवत नाही. रात्री दोन वाजता साप चावलेल्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तालुक्याला न्यायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेतो, यातही लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायची तर न बघता घेतल्याची वाटावी. ती मला वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

२०२२ साली मी एक जुनी बिनगिअरची गाडी घेतली. सहा वर्षे वापरलेली, पेट्रोलची, दिसायला नवरीसारखी. विकणारा म्हणाला, 'क्लच नाही, गिअर नाही, कटकट नाही.' मी मान डोलावली. त्याचे तीनही शब्द खोटे होते.

ती गाडी एएमटी जातीची होती. ही जात आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत आली. त्याच वर्षी मारुती ८०० चे उत्पादन थांबले, हा एक योगायोग. एएमटीत गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो आणि क्लचप्लेटही तीच असते. फक्त क्लच दाबणारा आपला पाय आणि गिअर टाकणारा आपला हात काढून घेऊन ते काम एका यंत्राला दिलेले असते. म्हणजे क्लच गेलेला नाही, तो डोळ्याआड गेला आहे. सपाट डांबरी रस्त्यावर हे यंत्र झकास काम करते. मायलेजही गिअरच्या गाडीच्या जवळपास देते, पंपावर रडायची पाळी येत नाही. पण आपली पांदण त्या यंत्राला कोणी शिकवलेली नाही. काळ्या मातीत चाक फिरायला लागले की गिअरच्या गाडीचा माणूस दुसरा गिअर टाकतो, क्लच पायाने तोलतो, मागे-पुढे करून गाडी झुलवत बाहेर काढतो. यंत्राला हे जमत नाही. आपण दाबतो अॅक्सिलेटर, ते धरते अर्धा क्लच, आणि प्लेट जळते.

माझी तशीच जळाली. मृगाच्या दुसऱ्या पावसानंतरची रात्र होती. आईला दम लागला होता. गाव सोडून अर्धा मैल गेलो नाही तोच चाके घसरू लागली. मी दाबत राहिलो. आधी जळका वास आला, मग काट्यांच्या पाटीवर दिवा पेटला, मग गाडी गिअरमध्येच अडकली. चुलतभावाने ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, पण पुढची चाके फिरेनात. शेवटी आईला ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या टाकून त्यावर निजवून नेली. ती वाचली, पण त्या ट्रॉलीत तिचा हात धरून बसलेलो असताना विकणाऱ्याच्या चहाची चव तोंडात येत होती. गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून जिल्ह्याला गेली, तिथून 'आमच्याकडे यंत्र नाही' म्हणून नागपूरला. क्लच आणि यंत्र मिळून बिल ४२ हजार रुपये. तालुक्याच्या मिस्त्रीने गिअरच्या गाडीची क्लचप्लेट एका दिवसात बदलून दिली असती, तीही बोलीवर, अर्धे पैसे कापूस विकल्यावर.

मी ती गाडी विकली आणि गिअरची घेतली. चार ठिकाणी सांगत फिरलो, की कोरडवाहू शेतकऱ्याने बिनगिअरच्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. लेख इथेच संपला असता. पण घरात वेगळेच झाले.

माझी बायको बिनगिअरच्या स्कूटरवर तयार झालेली. ती एएमटी तिने आठ दिवसांत शिकून घेतली होती. बचत गटाचे काम, मुलीचे कॉलेज, आईचे औषध, सगळे तीच करायची. गिअरची गाडी दारात आली आणि तिचे फिरणे थांबले. गेल्या वर्षी वेचणीच्या दिवसांत मी सरकी घेऊन बाहेरगावी होतो. आईला पुन्हा दम लागला. गाडी दारात उभी, किल्ली खुंटीला, आणि बायको शेजारच्या पोराला उठवायला धावते आहे! नंतर ती मला एकच वाक्य बोलली : 'तुमची गाडी चिखलात अडकत होती, माझी दारातच अडकली.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आता माझे मत बदलले आहे. घरात एकच गाडी असेल तर ती कोणती घ्यायची हे ट्रॅक्टर हाकणाऱ्या गड्याच्या आवडीवर ठरवू नका. रात्री-अपरात्री घरी कोण असते आणि ते माणूस काय चालवू शकते, यावर ठरवा. ते माणूस गिअरची गाडी शिकायला तयार असेल, किंवा घरात दोन चालवणारे असतील, तर डोळे मिटून गिअरची घ्या. बॅटरी बसली तर चार जण धक्का मारून ती चालू करतात. बिनगिअरची कोणतीही जात धक्क्याने चालू होत नाही. पण ज्या घरी गुडघे गेलेला म्हातारा किंवा माझ्या बायकोसारखी शिकलेली पण गिअरला न सरावलेली बाई हीच एकमेव चालक आहे, तिथे बिनगिअरची घेणे ही चैन नव्हे.

मात्र तीत जाती आहेत, आणि विकणारा सगळ्यांना 'ऑटोमॅटिक' या एकाच पोत्यात भरतो. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे तेल असते, ताकद तेलातून जाते. जळायला तिथे कोरडी प्लेट नाही, म्हणून चिखलात आणि चढावर ती जास्त सोसते. पेट्रोल थोडे जास्त पिते. जुन्या आय-टेनच्या ऑटोमॅटिकमध्ये ही जात आहे. पेट्रोल डिझायरला २०१२ पासून हीच होती. २०१६ साली डिझेल डिझायरला एएमटी आली आणि २०१७ च्या नव्या डिझायरमध्ये पेट्रोललाही तीच. नाव एक, जात दोन. सन विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. सीव्हीटी आणि दोन क्लचवाली डीसीटी अशा आणखी जाती आहेत. त्यांचा मिस्त्री तुमच्या तालुक्यात नसेल तर त्यांच्याकडे बघूही नका.

आता हात घालून बघायचे ते. गिअरच्या गाडीचा हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन घूं घूं करत राहिले तर प्लेट संपली. दुसरा गिअर टाकताना खरखर होते का, चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटतो का, तेही बघा. एएमटी असेल तर चढावर थांबवून पुन्हा उचला. थरथर झाली किंवा वास आला तर माघारी फिरा. टॉर्क कन्व्हर्टरची असेल तर ब्रेकवर पाय ठेवून पुढचा आणि मागचा गिअर आलटून पालटून टाका. गिअर बसायला वेळ लागला किंवा धाडकन धक्का बसला तर आत खर्च आहे. गिअरबॉक्सचे तेल केव्हा बदलले त्याची पावती मागा. आणि ही गाडी बंद पडली तर इंजिन बंद ठेवून ट्रॅक्टरने ओढू नका. तिची पुढची चाके गिअरबॉक्सला जोडलेली असतात. इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही, आणि ओढता ओढता गिअरबॉक्स खलास होतो. पुढची चाके उचलूनच न्यावी लागते.

कागदांचे थोडक्यात. सातबाऱ्यावर असतो तसा गाडीच्या आरसीवरही बँकेचा बोजा असतो. तो उतरवायला बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांचा दर सरसकट १८ टक्के ठरवला, तो नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, आणि त्याच्या नफ्याच्या फरकावर. शेतकऱ्याने आपली गाडी शेतकऱ्याला विकली तर हा कर नाही. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवले तर हिशोब कागदावर मागा.

आमच्याकडे सध्या दोन्ही चालू आहे. ज्वारी निघालेल्या वावरात बायको गिअरची गाडी शिकते आहे, पहिल्या दिवशी धुऱ्यावरची तूर आडवी केली. आणि मी जुनी टॉर्क कन्व्हर्टर शोधतो आहे, तिचे शिकणे लांबले तर असावी म्हणून. आमच्या तालुक्याच्या मिस्त्रीला पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणतो आहे. कोणी गाडी पाहून ठेवली असेल आणि अजून इसार दिला नसेल, तर मालकाला सांगून ती बैठकीच्या मैदानावर घेऊन या. दुपारच्या जेवणानंतर तिचा हँडब्रेक ओढून बघू.